थोरल्या भावंडाला जड

माझा जन्म ज्येष्ठा नक्षत्रावरचा. ज्या घरात पंचांग फक्त सुट्ट्या आणि दुधाच्या खाड्यांसाठी बघतात, तिथे या वाक्याचं कुणाला काही वाटणार नाही. पण घरात एखादी जुनी आत्या असेल तर ती लगेच विचारेल, "थोरलं भावंड आहे का याला?" आहे. चार वर्षांनी मोठी ताई आहे. ज्येष्ठावर जन्मलेलं मूल थोरल्या भावंडाला जड जातं, अशी आमच्याकडे समजूत. नक्षत्राच्या नावातच थोरलेपण, आणि त्यावर जन्मलेला मी शेंडेफळ.

सत्ताविसाव्या दिवशी चंद्र फिरून त्याच नक्षत्रात आला, तेव्हा साताऱ्याच्या घरी शांत झाली. मला लाल फडक्यात गुंडाळून सुपात ठेवलं आणि सूप शेजारच्या गाईच्या तोंडाशी नेलं. म्हणजे मी आता आईच्या नव्हे, गाईच्या पोटी जन्मलो. आधीचा जन्म रद्द. मग वडिलांनी वाटीतल्या तुपात माझं प्रतिबिंब पाहिलं आणि त्यानंतर मला. त्याआधी त्यांनी मला पाहिलंच नव्हतं, असं आई सांगते. निदान आजीसमोर तरी नाही. ताईला त्या दिवसाचं एवढंच आठवतं, की गाईने सुपातले तांदूळ खाल्ले आणि सगळे एकदम ओरडले.

ताईला खरा प्रकार कळला ती दहा वर्षांची असताना. दिवाळीचं तळण चाललं होतं. आत्या आईला म्हणाली, "हिला सारखा ताप येतो म्हणतेस, याची शांत नीट झाली होती ना?" दाराआड ताई उभी होती. त्या रात्री गच्चीत तिने मला सगळं सांगितलं. मी सहा वर्षांचा. मी रडलो. तिने मला पुरतं रडू दिलं आणि मग व्यवहार मांडला. "तू मला मारणारेस. तोपर्यंत तुझ्या वाटची चिक्की माझी."

पुढे कितीतरी वर्षं मी हा कर भरला. चिक्की, एसटीतली खिडकी, आमरसाची शेवटची वाटी. वाद झाला की ती नुसतं आकाशाकडे बोट दाखवायची.

हे झालं हसण्यावारी. दुसरं एक होतं. ताईला ताप आला, की आजी काही न बोलता माझं अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत टाकायची. रागाने नाही. उशीचा अभ्रा नीट करायची, पायाशी चादर ठेवायची, डोक्यावरून हात फिरवायची, आणि मधलं दार लोटून घ्यायची. त्या दाराला खाली बोटभर फट होती. आतला दिवा फटीतून दिसायचा आणि कुणी पाण्याच्या घड्या बदलायला उठलं, की पायांची सावली तो उजेड तोडून जायची. मी त्या सावल्या मोजत झोपायचो.

एवढं सांगायचं कारण म्हणजे सर्सी लॅनिस्टर.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चं पहिलं पुस्तक 1996 सालचं. राणी सर्सी त्यात पहिल्यापासून आहे, पण तिच्या डोक्यात आपल्याला प्रवेश मिळतो तो थेट 2005 साली आलेल्या चौथ्या पुस्तकात. तोवर ती नुसती दुष्ट बाई होती. चौथ्यात कळतं, की ही बाई लहानपणापासून एका भाकिताखाली जगते आहे. दहा वर्षांची असताना (इथे मी पुस्तक मिटलं होतं) लॅनिसपोर्टच्या स्पर्धांच्या वेळी ती दोन मैत्रिणींना घेऊन एका म्हाताऱ्या चेटकिणीच्या तंबूत जाते. या बाईला लोक मॅगी बेडकी म्हणतात. एक मैत्रीण घाबरून पळते, दुसरी थांबते. मॅगी बोटाचं रक्त चाखते आणि तीन प्रश्नांना उत्तरं देते. राजपुत्राशी नाही, राजाशी लग्न होईल. राणी होशील, पण तुझ्याहून तरुण आणि सुंदर कुणी येऊन तुझं सगळं हिरावून घेईल. राजाला सोळा मुलं, तुला तीन. तिघांना सोन्याचे मुकुट आणि सोन्याचीच कफनं. आणि तू आसवांत बुडालीस, की व्हॅलोनकार येऊन तुझ्या गोऱ्या गळ्याभोवती हात आवळेल.

मागे थांबलेल्या मेलारा नावाच्या मैत्रिणीला मॅगी सांगते, तुझं मरण इथेच आहे, आज रात्रीच. मेलारा विहिरीत सापडते. तिला कुणी ढकललं हे लेखक स्पष्ट सांगत नाही, पण सर्सीच्या आठवणी त्या विहिरीपाशी आल्या की घाईने पुढे सरकतात. भाकित ऐकलेली दुसरी मुलगी उरली नाही, म्हणजे ते खोटं मानायला सोपं.

व्हॅलोनकार हा व्हॅलिरियन या पुस्तकातल्या कल्पित भाषेतला शब्द. सर्सी आपल्या शिक्षिकेला अर्थ विचारते. शिक्षिका सांगते, धाकटा भाऊ. झालं. धाकटा भाऊ म्हणजे टिरियन, ठेंगू, कुरूप, ज्याला जन्म देताना आई गेली तो. आपल्या भाषेत पांढऱ्या पायाचा. सर्सीला यापुढे काही वाचावं लागत नाही.

वाचकांना मात्र लागलं. पहिली आणि सर्वांत लाडकी थिअरी अशी, की टिरियन नव्हेच, जेमी. सर्सी आणि जेमी जुळे. सर्सी आधी जन्मली, जेमी तिचा पाय धरून मागून आला. म्हणजे तोही धाकटाच, फक्त तिच्या ते कधी मनात येत नाही, कारण जेमी म्हणजे ती स्वतःच, असं ती मानते. दोघांचे संबंध काय आहेत हे पुस्तक वाचलेल्यांना सांगायला नको. चौथ्या पुस्तकाच्या शेवटाकडे ती कैदेतून त्याला पत्र पाठवते, ताबडतोब ये, मला वाचव. तो ते वाचतो आणि जाळायला लावतो. ही थिअरी मला बेहद्द आवडते. जिला मारेकरी धाकटा आहे एवढंच कळलं, तिने आयुष्यभर चुकीच्या धाकट्यावर पहारा ठेवला. अडचण एकच. भाकितात 'हात' अनेकवचनी आहेत आणि जेमीचा उजवा हात तिसऱ्या पुस्तकातच तुटला. त्यावर उत्तर तयार असतं: त्याने सोन्याचा हात बसवून घेतलाय ना! टिरियनवाल्यांकडेही सोनं आहे. त्याने आपल्या प्रेयसीचा गळा आवळला तो प्रधानाच्या साखळीने, आणि त्या साखळीची प्रत्येक कडी म्हणजे सोन्याचा एक हात. रंगीत तालीम म्हणतात ती हीच, असं त्यांचं म्हणणं.

तिसरा गट व्याकरणवाल्यांचा, आणि मी मनाने त्यांच्यातला. चौथ्याच पुस्तकात शंभरी ओलांडलेला आंधळा पंडित एमन मरणाच्या दारात एकदम उमगल्यासारखं बोलतो, की दुसऱ्या एका जुन्या भाकितातल्या, वचन दिलेल्या राजपुत्राची आपण हजार वर्षं वाट पाहिली ती भाषेने फसवलं म्हणून. ड्रॅगनला कसलं आलंय नर-मादी, आणि राजकन्येकडे कुणी बघितलंच नाही. 2017 साली या पुस्तकांवरच्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेनेही हा मुद्दा घेतला: त्या शब्दाला लिंग नाही, राजपुत्र किंवा राजकन्या कुणीही असू शकेल, असं दुभाषी मिसांदे सगळ्यांसमोर सांगते. मग व्हॅलोनकारला तरी लिंग कशाला? उघडलं की दार! कुणाच्या तरी धाकट्या बहिणी असलेल्या आर्या आणि डेनेरिस आल्या. आणि तो भाऊ सर्सीचाच कशावरून, म्हणून भलत्याच कुणाचा धाकटा भाऊ असलेला सँडर क्लिगेनही आला. मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन यांनी व्हॅलिरियन भाषा बांधली, तीत धाकट्या बहिणीला वेगळा शब्द आहे, पण असल्या पुराव्याने व्याकरणवाले हटत नाहीत. मीही हटलो नाही.

मराठी वाचकाला या भांडणात एक वेगळीच मजा येते. तमिळमध्ये तंबी आहे, कानडीत तम्म, तेलुगूत तम्मुडू. आपल्याकडे दादा आहे, ताई आहे, अक्का आहे, पण धाकट्याला हाक मारायला नातं सांगणारा शब्दच नाही. त्याला नावाने हाका मारायच्या. मात्र त्याच्याविषयी बोलायला एकाहून एक शब्द आहेत. पाठचा, पाठीवरचा, शेंडेफळ. आणि 'भावंड' तर नपुंसकलिंगी. ते भावंड, धाकटं भावंड. आजी मला कधी 'धाकटा' म्हणाली नाही, 'आमचं धाकटं' म्हणायची. त्या चौथ्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करायला मला बसवलं, तर मी मॅगीच्या तोंडी एवढंच घालीन: "मग धाकटं येईल आणि तुझा गळा आवळेल." सगळ्या थिअऱ्या एका अनुस्वारात मावतात. मुलगा की मुलगी, तुझं की दुसऱ्याचं, काही कळायचं नाही.

जेमीच्या थिअरीला मात्र भागवत आडवं येतं. तिसऱ्या स्कंधात दितीला जुळे होतात, हिरण्यकशिपू आणि हिरण्याक्ष. कश्यप नावं ठेवतो तेव्हाचा हिशेब असा, की दितीने आधी प्रसवला तो हिरण्याक्ष, पण कश्यपाच्या देहातून आधी आला तो हिरण्यकशिपू, म्हणून थोरला तो. आधी आत गेला तो मागून बाहेर येणार, साधी पिशवीची रीत. हे शास्त्र मार्टिन यांच्या वेस्टेरॉस या कल्पित देशाला लावलं तर पाय धरून मागून आलेला जेमी थोरला ठरतो आणि सर्सीच धाकटी. म्हणजे व्हॅलोनकार ती स्वतः! आसवांत बुडालेली बाई स्वतःचाच गळा धरते. ही थिअरी मी एकदा पुस्तकवेड्या मित्रांपुढे मांडली. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकाने चहा मागवला.

खरं सांगायचं तर या असल्या वाचनाची आम्हाला लहानपणापासून सवय. हिरण्यकशिपूचा वर हे काय आहे? करारनामा. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. आणि नृसिंह म्हणजे त्यातली पळवाट शोधणारा वकील. आमच्या पेठेतल्या देवळात गोकुळाष्टमीला कीर्तन असायचं. बुवा कंसाच्या आख्यानाला आले, की चिपळ्या खाली ठेवायचे आणि ताटात आठ बत्तासे गोल मांडायचे. पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराला बोलवायचे. "आठवा दाखव." पोर कुठूनतरी मोजून एकावर बोट ठेवायचं. बुवा ताट थोडं फिरवायचे. "आता?" पुन्हा मोजणी, पुन्हा दुसरा बत्तासा. नारदाने कंसाला आठ पाकळ्यांचं कमळ दाखवलं ते असं. कुठूनही मोज, प्रत्येक जण आठवा. एका वर्षी ते पोर मी होतो. तीनदा ताट फिरलं आणि तीनदा मी चुकलो. शेवटी बुवांनी आठही बत्तासे माझ्या ओंजळीत ओतले. ते मी लगोलग नेऊन ताईला दिले, नेहमीचा कर.

त्या आख्यानातली एक गोष्ट बुवा पटकन उरकायचे. कंसाने देवकीचं पहिलं मूल परत दिलं होतं. भागवतात आहे हे. वसुदेव शब्द पाळून बाळ घेऊन येतो, आणि कंस म्हणतो, घेऊन जा, मला आठव्याचं भय आहे, याचं नाही. देवकी त्याची सख्खी नव्हे, चुलत बहीण; उग्रसेन आणि देवक हे भाऊ. लग्नाच्या वरातीत तिचा रथ तो हौसेने स्वतः हाकत होता. आकाशवाणी झाली तेव्हा त्याने तिचे केस धरले हे खरं, पण पहिलं बाळ हातात आलं तेव्हा त्याने शब्दाचा सरळ अर्थ लावला. नारद आला, त्याने दुसरे अर्थ दाखवले, आणि मग सगळी बाळं गेली. नारद म्हणजे जगातला पहिला थिअरीवाला, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. मला तितकंसं हसू येत नाही.

मार्टिन यांच्याकडे अर्थ लावणारे असे बरेच आहेत. गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसला त्याची पुरोहितीण मेलिसांद्रे सांगते, की मला ज्वाळांत दिसलं, तुझा धाकटा भाऊ रेनली हिरव्या चिलखतात येऊन राजधानीच्या तटाखाली तुझं सैन्य मोडतो. रेनली त्याआधीच मरतो, सावलीच्या हातून. भाऊ गेला, धोका टळला. मग लढाईच्या ऐन रात्री रेनलीचं हिरवं चिलखत चढवून गार्लन टायरेल नावाचा दुसराच योद्धा येतो आणि सैन्य मोडतंच. ज्वाळांनी चिलखत दाखवलं होतं, आत कोण हे दाखवलं नव्हतं. स्टॅनिस मरेपर्यंत आठवणार तो रेनलीने शेवटच्या भेटीत त्याच्यापुढे धरलेलं पीचचं फळ. भावाला मारून हाती काय आलं, तर एक फळ, आणि तेही त्याने घेतलं नव्हतं.

पण या सगळ्यात मला अडकवून ठेवलं ते एका छोट्या प्रसंगाने. तिसऱ्या पुस्तकात ऑबेरिन मार्टेल नावाचा राजपुत्र टिरियनला एक जुनी गोष्ट सांगतो. टिरियन जन्मला तेव्हा ऑबेरिन आपल्या बहिणीबरोबर लॅनिस्टरांकडे पाहुणा गेला होता. राक्षस जन्मलाय असं ऐकून दोघं बघायला उत्सुक, तर पाळण्यात एक साधं बाळ. जरा मोठं डोकं, जरा आखूड पाय. सर्सी त्यांना ते दाखवते आणि दाखवता दाखवता बाळाला इतक्या जोरात पिळते, की जेमीला मध्ये पडून सांगावं लागतं, सोड त्याला. याने माझ्या आईला मारलं, असं ती म्हणते. आता वयं मोजा. टिरियन जन्मला तेव्हा सर्सी सात-आठ वर्षांची. मॅगीच्या तंबूत गेली तेव्हा दहाची. म्हणजे भाकित नंतरचं. राग आधीचा. मॅगीने तिला काही नवं सांगितलंच नाही. पोटात होतं त्याला एक परका, भारदस्त शब्द दिला. हे लक्षात आल्यावर व्हॅलोनकार कोण, या प्रश्नातला माझा रस जरा कमी झाला. टिरियनच्या बाजूने ते आयुष्य कसं दिसत असेल, ते बघायला मी पहिली तीन पुस्तकं पुन्हा काढली. आपल्यावर कसला आरोप आहे हे त्याला माहीतच नसतं. ताप कुणाला येतो आणि अंथरूण कुणाचं हलतं, एवढंच कळतं.

मी एकदा आजीला विचारलं होतं. ती ऐंशीच्या पुढे होती, मी कॉलेजात. "खरंच वाटायचं का गं तुला, मी ताईला..." ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या पाठचा तुझ्यासारखाच ज्येष्ठावरचा. तो दोन वर्षांचा झाला आणि थोरल्या वन्सं गेल्या." एवढंच. आणखी दोन शेंगा सोलल्या आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

मालिकेत 2015 साली पाचव्या सीझनच्या सुरुवातीलाच मॅगीचा प्रसंग आला, आणि त्यात व्हॅलोनकारचं वाक्य गायब. वाचकांनी त्याचेही अर्थ लावले: गाळलं म्हणजे नक्कीच खरं असणार. ताईने पुस्तकं वाचलेली नाहीत, पण ते गाळलेलं वाक्य मी तिला सांगितलं होतं. तिने त्याच दिवशी जेमीवर बोट ठेवलं. "टिरियन तिला घाबरतो," म्हणाली, "घाबरलेला माणूस गळ्यापर्यंत पोचत नाही."

13 मे 2019, सोमवार. आपल्याकडे भाग सकाळी साडेसहाला यायचा. मी तेव्हा बंगळुरूला होतो, ताई पुण्यात, दोघं आपापल्या पडद्यापुढे, ऑफिसच्या आधी. शहर जळतं, जेमी पोटातल्या जखमेनिशी तळघरापर्यंत पोचतो, सर्सीला जवळ धरतो, आणि वरून छत येतं. पडदा काळा झाला तसा फोन वाजला.

"हे काय रे? विटा?"

"विटाच."

"म्हणजे भाऊ काहीच करत नाही?"

"पुस्तकात करेल कदाचित. सहावं अजून यायचंय."

"तू तुझी थिअरी सांभाळ," म्हणाली, "मी डबे भरते."

सहावं आज येईल, उद्या येईल. पाचवं 2011 सालचं आहे, हिशेब ज्याचा त्याने करावा.

गेल्या भाऊबीजेला ताईकडे कोथरूडला होतो. यमाला त्याच्या बहिणीने जेवू घातलं तो हा दिवस, म्हणून यमद्वितीया. साक्षात मरणाला ओवाळणारी बहीण आपल्याकडे कुणाला अवघड वाटत नाही. ओवाळून झालं, जेवणं झाली. संध्याकाळी तिला कुणाकडे तरी जायचं होतं. आजीची ठुशी तिच्याकडे आली आहे, ती काढली. मागचा गोंडा जुना, दोरा ताठरलेला, एकटीला सरकवता येईना. आरशासमोर उभी राहून तिने केस पुढे घेतले आणि मान वाकवली.

"जरा आवळ रे."

मी मागे उभा राहून दोन्ही हात तिच्या मानेशी नेले. ठुशीचे मणी गार होते. दोरा ओढला, गोंडा थोडा वर घेतला.

"अजून?"

"अजून थोडी. श्वास घेता येईल इतकी ठेव."

गोंडा अडकला होता तो एकदम सुटला आणि ठुशी गळ्याला नीट बसली. मी वर पाहिलं. आरशातून ती माझ्याकडेच बघत होती, बहुतेक मघापासून.

"चिक्की आणलीस का?" तिने विचारलं.